राखणदाराची झोपेची गोळी

१

लिफ्टमध्ये तिच्या पुढे दोन तरुण इंजिनिअर उभे होते. गळ्यातलं ओळखपत्र जागेवरच राहिल्याचं एकाच्या लक्षात आलं आणि तो खिसे चाचपू लागला. दुसरा म्हणाला, "केलास ना मास्तर?" दोघंही हसले.

चौथ्या मजल्यावर दार उघडेपर्यंत तिला अर्थ लागला. मास्तर म्हणजे तिचे वडील. एकतीस वर्षं त्यांनी उपग्रहांच्या पोटात चालणारे प्रोग्रॅम लिहिले. येईल त्या नवशिक्याला हाताला धरून शिकवलं, म्हणून सगळा विभाग त्यांना मास्तर म्हणायचा. त्यांना जाऊन सहा आठवडे होत होते. तेवढ्यात इथे त्यांच्या नावाला विसरण्याचा अर्थ चिकटला होता.

ती आली होती त्यांच्या कपाटातल्या वस्तू न्यायला. पण विभागाच्या साहेबांनी आधी खोलीत बोलावलं. साहेबांच्या टेबलावर उपग्रहाची हातभर प्रतिकृती होती. बोलताना ते तिच्या पंखावरची धूळ एका बोटाने पुसत आणि ते बोट पँटला पुसत.

"ताई, तुम्ही ग्रंथपाल. तुम्हाला सोपं करून सांगतो," ते म्हणाले.

उपग्रहाच्या संगणकात मुख्य प्रोग्रॅमखेरीज एक वेगळं, साधं घड्याळ असतं. त्याला हे लोक राखणदार म्हणत. मुख्य प्रोग्रॅमने ठरलेल्या वेळेत त्याला 'मी जागा आहे' असं कळवायचं. कळवलं नाही, की प्रोग्रॅम कुठेतरी अडकला असं समजून राखणदार सगळा संगणक बंद करून पुन्हा चालू करतो. याला ते 'चावणं' म्हणत. वर पाठवण्याआधी प्रत्येक नवा प्रोग्रॅम इथल्या टेबलावर चालवून पाहतात. टेबलावर उपग्रहाचाच जुळा संगणक असतो. तिथे काम करताना राखणदार सारखा चावू नये म्हणून एक प्लग बसवून त्याला झोपवतात. अंतिम चाचणीत मात्र तो प्लग काढायचाच असतो.

"मास्तर तो काढायला विसरले," साहेब म्हणाले. "सहा तास चाचणी झाली, राखणदार झोपलेला, म्हणून एकदाही चावला नाही. त्यांनी सही केली आणि अर्ध्या तासात जिन्यापाशी कोसळले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बारा दिवसांनी आपण तो प्रोग्रॅम वर पाठवला. वर राखणदार जागा होता. पहिल्या तासापासून चावत सुटला. संगणक सारखा बंद-चालू, पंख सूर्याकडे धरता येईनात, तिसऱ्या दिवशी बॅटरी संपली. नऊ वर्षांचं काम मातीत गेलं."

"आणि चाचणीवर दुसऱ्या कुणाची नजर नसते?"

"असते ना. तपासनीस, म्हणजे तुमच्या घरचेच काका. तत्पर माणूस. त्यांचा मंजुरीचा दाखला माझ्याकडे चाचणीच्या आदल्या दिवशीच येऊन पडला होता, बोला. पण मास्तरांवर विश्वास टाकला, यात त्यांची काय चूक?"

मग त्यांनी प्राथमिक अहवालाची प्रत आणि एक सुटा कागद पुढे सरकवला. गुरुवारी चौकशी समिती बसणार होती. त्याआधी त्या सुट्या कागदावर आईची सही हवी होती. म्हणजे कसं, माणूस दोषी दिसत नाही, आजारी दिसतो. ही कल्पना काकांचीच, साहेबांनी आवर्जून सांगितलं.

कागदावर एकच वाक्य टाईप केलं होतं. 'गेल्या काही महिन्यांपासून माझे पती गोष्टी विसरू लागले होते.'

तिच्या वडिलांना घरातल्या प्रत्येक पुस्तकाची जागा डोळे मिटून सांगता यायची. तिने कागदाची घडी घातली, पण पर्समध्ये ठेवायला हात धजेना. वस्तूंचं खोकं घेऊन ती जिन्याने खाली उतरली. लिफ्ट तिला नको होती.

२

घरी काका आले होते. गेले सहा आठवडे ते रोज संध्याकाळी येत. तीस वर्षांचा दोस्त, वडिलांच्या पश्चात बँकेपासून गॅसपर्यंत सगळं तेच बघत होते. आईने त्यांना वडिलांच्या निळ्या कपातून चहा दिला होता. पहिल्या दिवशी चुकून दिला गेला, मग तीच रीत पडली. काका चहा बशीत ओतून मोठा आवाज करत प्यायचे आणि ओठांना लागलेली साय रुमालाने टिपायचे.

"वहिनी, सहीचं मनावर घेऊ नका. औपचारिकता आहे," ते सांगत होते. "त्याचं नाव मी मातीत जाऊ देईन का? शेवटचं तो माझ्याशीच बोलला. काम झालं, आता निवांत सही करतो, म्हणाला. हसत होता हो."

आईने डोळ्यांना पदर लावला. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

निघताना ते मुलीला दारात म्हणाले, "पोरी, हॉस्पिटलातून मिळालेली ती कपड्यांची पिशवी अजून तशीच आहे ना? मी नेतो. उगाच तुमच्या डोळ्यांसमोर नको."

हे ते तिसऱ्यांदा विचारत होते. आधीच्या दोन्ही वेळा तिला गहिवरून आलं होतं. आज मात्र, कदाचित त्या घडी घातलेल्या कागदामुळे असेल, ती म्हणाली, "राहू दे काका. बघू."

ते गेल्यावर तिने माळ्यावरून पिशवी काढली. तोंड हॉस्पिटलच्या चिकटपट्टीने बंद होतं. पट्टीवर दाखल केल्याची तारीख-वेळ होती आणि बाहेर वस्तूंची यादी डकवलेली. शर्ट एक, पँट एक, घड्याळ एक, चष्मा एक, पेन एक. शेवटी नर्सने गोंधळून लिहिलं असावं: 'लाल पट्टी बांधलेली वस्तू, एक (शर्टाच्या खिशात).'

शर्ट छातीवर उभा कापलेला होता. खिशात अंगठ्याएवढा काळा प्लग होता. त्याला लाल कापडी पट्टीची गाठ होती, आणि पट्टीच्या टोकाला पेनाच्या शाईचा डाग.

साहेबांनी दिलेल्या अहवालात तिने प्लग शोधला. नववं पान. 'विभागात असा एकच प्लग आहे. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी तपासनीसांना तो टेबलाच्या खोबणीत बसवलेला आढळला.'

तिने तो एकच असलेला प्लग मुठीत धरला. दुसऱ्या दिवशी खोबणीत आढळलेली वस्तू आदल्याच दिवसापासून हॉस्पिटलच्या बंद पिशवीत पडून होती.

३

मंगळवारी वाचनालयात रजा टाकून ती पुन्हा विभागात गेली. उरलेल्या वस्तू न्यायच्यात, एवढं कारण पुरलं.

नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सगळे चष्मेवाला म्हणत. तो तिला बघून उठून उभा राहिला आणि नजर चुकवत बसला. चूक त्याच्याच प्रोग्रॅममध्ये होती, हे त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. ताऱ्यांचा फोटो बघून उपग्रह आपली दिशा ठरवतो. फोटोत तारे फार आले, की त्याचं गणित लांबायचं आणि राखणदाराला कळवायचं राहून जायचं. "चाचणीत हे पकडलं जायला हवं होतं," तो पुटपुटला. मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून म्हणाला, "म्हणजे मुळात मी करायलाच नको होतं." चाचणीच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे नव्हती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्याच प्रोग्रॅमच्या चाचणीला हात लावायचा नाही, हा मास्तरांचाच नियम होता.

चाचणीचं टेबल सांभाळणारी तंत्रज्ञ चाळिशीची होती. तिला टेबलवाली म्हणत, आणि तीही फोन उचलून तेच नाव सांगे. काचेच्या भिंतीपलीकडे पांढरा कोट घालून ती तारांची जुडी सोडवत होती. बाहेर आल्यावर मुलीने तिच्यापुढे मूठ उघडली.

टेबलवालीने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"ही तर मास्तरांची झोपेची गोळी. ताई, ही कुठे मिळाली?"

"त्यांच्या खिशात. हॉस्पिटलात."

टेबलवाली स्टुलावर बसली. त्या प्लगला झोपेची गोळी हे नाव मास्तरांनीच दिलं होतं. अंतिम चाचणी सुरू करताना ते प्लग काढून स्वतःच्या खिशात टाकायचे. कुणाला मधेच बसवायची बुद्धी होऊ नये, आणि आपल्यालाही नको. चाचणी संपली, की आधी प्लग डबीत, मग हात धुणं, मग सही. वीस वर्षांत या क्रमात बदल नाही. नवशिके हसायचे, म्हणायचे, मास्तरांची पूजा चाललीये.

"म्हणजे गोळी खिशात असताना त्यांनी सही केली नसती," मुलगी म्हणाली.

"मेले तरी नसती," टेबलवाली बोलून गेली आणि ओठ चावला.

त्या दिवशी ती स्वतः नव्हती. तिच्या मुलाला ताप होता, हजेरीत रजेची नोंद होती. तीन दिवसांनी आली तेव्हा खोबणी रिकामी होती, डबीही रिकामी. पुढे चौकशी लागल्यावर तिने काकांना विचारलं, तर प्लग समितीने सील केलाय, म्हणाले.

मुलीने तिथूनच साहेबांना फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. साहेब म्हणाले, प्लग पुरावा म्हणून काकांच्या ताब्यात आहे.

दोन माणसांना दोन उत्तरं देऊन काकांनी सहा आठवडे रेटले होते. पण टेबलवालीचा चेहरा उतरलेलाच राहिला.

"ताई, याने भागणार नाही. उलट अंगाशी येईल. चाचणीची नोंद संगणक आपोआप करतो. ती सहा तासांची आहे आणि एकही चावा नाही. खाली मास्तरांची सही आहे, खरी सही. गोळी खिशात होती, तर राखणदार जागा होता. जागा होता, तर चावला का नाही?"

४

नोंदीची प्रत अहवालाला जोडलेली होती. अकरा पानं नुसते आकडे. दोघी पायऱ्यांवर बसून ती चाळू लागल्या. मुलीला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण अनोळखी लिपीतलं पुस्तकसुद्धा ग्रंथपालाला नोंदवावं लागतं. तेव्हा ती मजकूर सोडून कडेकडेची माहिती बघते.

"यावर तारीख कुठे आहे?"

"वरच्या पानावर. हाताने लिहिलेली."

"आणि आतल्या पानांवर वेळ आहे ती?"

"ती उपग्रहाची वेळ. आपली नाही. चाचणी सुरू करताना उपग्रहाचं घड्याळ आपण हवं तिथे लावतो. आज बसूनही पुढच्या वर्षीचं आकाश दाखवता येतं."

"म्हणजे वरचं पान बदललं, तर ही नोंद कुठल्याही दिवसाची होऊ शकते."

टेबलवालीने वरचं पान पुन्हा उलटून पाहिलं. मग सावकाश म्हणाली, की अंतिम चाचणीच्या चार दिवस आधी मास्तरांनी रंगीत तालीम केली होती. तालीम गोळी घालूनच होते. क्रम नीट चालतो की नाही, एवढंच बघायचं असतं. सहा तास, तेच आकाश, शेवटी सही. वरच्या पानावर 'तालीम' किंवा 'अंतिम' यावर खूण करायची. तालमीची फाइल चौकशीत मागितली होती. ती सापडली नाही.

"तर्क बरोबर आहे, ताई. पण हा तर्कच झाला."

मुलगी पानं उलटत राहिली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एकच आकडा होता. २१२.

"हा काय आहे?"

"हा संगणक जन्मल्यापासून कितव्यांदा चालू झाला, ते. बटण दाबून चालू केला तरी एक वाढतो, राखणदार चावून पुन्हा चालू झाला तरी एक वाढतो. चावा नाही, म्हणून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत २१२च."

"मागे नेता येतो?"

"घड्याळ मागे नेता येतं. हा नाही. वीज काढली तरी पुसला जात नाही. मास्तरांनी मुद्दाम तसा केलाय."

मुलीला आपली दाखल नोंदवही आठवली. वाचनालयात प्रत्येक पुस्तकाला एक दाखल क्रमांक मिळतो. पुस्तक हरवो, फाटो, रद्दीत जावो, तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीच देत नाहीत. नोंदवहीत क्रमांक तुटला, की तिथे काहीतरी होतं हे कळतं, कुणी कितीही कानावर हात ठेवले तरी. लहानपणी एका दुपारी तिने वडिलांना ती वही दाखवली होती. ते कितीतरी वेळ बघत बसले होते.

"मास्तरांनंतर टेबलाला पहिला हात कुणी लावला?"

"मीच. रजेवरून आल्यावर. खोली तोवर बंद होती."

"तेव्हा आकडा किती होता?"

टेबलवालीने कोटाच्या खिशातून वही काढली. रोज सकाळी टेबल चालू केलं, की पहिला आकडा वहीत उतरवायचा, हीही मास्तरांचीच शिकवण. तिने तारीख शोधली, ओळीवर बोट ठेवलं, आणि बोट तिथेच राहिलं.

२२१.

५

हिशेब सोपा होता, आणि तेच भयंकर होतं.

अहवालातली २१२ची नोंद जर खरोखर शेवटच्या चाचणीची असेल, तर त्यानंतर टेबलवालीने टेबल चालू केल्यावर आकडा २१३ यायला हवा होता. आला २२१. मधले आठ कुठे गेले? तालीम २१२. तालमीनंतर अंतिम चाचणीपर्यंत टेबल बंदच ठेवायचं, हाही मास्तरांचा नियम. मग अंतिम चाचणीसाठी मास्तरांनी टेबल चालू केलं, २१३. मग राखणदार सात वेळा चावला, २२०. मग टेबलवाली, २२१.

मास्तर काहीही विसरले नव्हते. चूक त्यांना सापडली होती. सात वेळा सापडली होती.

बुधवारी दुपारी मुलीने मनातल्या मनात संशयितांतून एकेकाला बाजूला काढलं. चष्मेवाल्याकडे खोलीची किल्ली नव्हती. साहेब त्या दिवशी परगावी होते, आणि तालीम नावाचा प्रकार असतो हेही त्यांच्या गावी नव्हतं. काल तिने तालमीबद्दल पुन्हा फोन केला, तेव्हा त्यांनी 'कसली तालीम' असं विचारलं होतं. टेबलवाली रजेवर होती, आणि दोषी असती तर ती वही तिने आपण होऊन उघडली नसती. राहिला तो एक, ज्याने चाचणीला हजर असणं नियमानेच बंधनकारक होतं. ज्याने चाचणी व्हायच्या आदल्या दिवशीच मंजुरी देऊन टाकली होती. जो शेवटचे शब्द सांगत होता, आणि तीनदा पिशवी मागत होता.

तिला राग येईल असं वाटलं होतं. तो आलाच नाही. फक्त किळस आली, जुन्या डब्यात हात घालावा आणि बोटांना काही मऊ लागावं तशी.

संध्याकाळी बेल वाजली. काका वेळेवर आले होते. आई स्वयंपाकघरात चहा ओतत होती.

६

"उद्या समिती आहे. वहिनींची सही झाली का?" खुर्चीत टेकत काकांनी विचारलं.

आईने कप आणून ठेवला आणि ती आत गेली. काकांनी बशीत चहा ओतला. मुलीने बशीशेजारी प्लग ठेवला.

काकांनी तो काय आहे हे विचारलं नाही. ते म्हणाले, "कुठे होता?"

"तुम्ही मागत होतात त्या पिशवीत."

मग ती बोलली. २१२, २२१, तालमीची फाइल, आदल्या दिवसाचा दाखला. आवाज चढवला नाही. काका मधूनमधून मान हलवत होते, एखादा विद्यार्थी बरोबर उत्तर देतोय तशी. बशीतल्या चहावर साय धरली.

"दाखला आधीच दिला होता मी," शेवटी ते म्हणाले. "वर पाठवायची तारीख जाहीर झालेली. मास्तर करतोय म्हणजे होणारच, असं धरून चाललो. तीस वर्षांत त्याची चाचणी कधी फसली होती? सात वेळा चावला, म्हणाला. सही करणार नाही, म्हणाला. मी म्हटलं, टेबलाचा दोष असेल, जाऊ दे. तर चिडला. वरच्यांना फोन करतो म्हणून निघाला. जिन्यापाशी…"

"आणि तुम्ही त्या चाचणीची नोंद काढून तिच्या जागी तालमीची लावलीत."

"टेबलाचाच दोष वाटला गं मला. खरंच. उपग्रह गेला तेव्हा कळलं. तोवर तो तर गेलाच होता. त्याला आता काय त्रास होणार होता? म्हणून तर म्हटलं, आजारी होता असं लिहू. वाईट दिसायला नको."

त्यांनी रुमाल काढून ओठ टिपले. ओठांना काहीच लागलेलं नव्हतं.

"काका, एकच विचारते. ते कोसळले तेव्हा तुम्ही आधी अँब्युलन्सला फोन केलात, की आधी कागद उचललेत?"

काकांनी रुमालाची घडी घातली. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "पोरी, दोन मिनिटांनी काय फरक पडणार होता?"

दारात आई उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. ती पुढे आली. तिने काकांच्या पुढून कप-बशी उचलली, मोरीत चहा ओतला. मग फुटलेली काच बांधतात तशी ती निळी कप-बशी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि केराच्या डब्यात ठेवली. कप चांगला धड होता.

"वहिनी," काका म्हणाले.

"भावोजी, तुमच्या चपला दाराबाहेर आहेत," आई म्हणाली.

७

गुरुवारी समितीपुढे प्लग, हॉस्पिटलची यादी आणि टेबलवालीची वही ठेवायला दहा मिनिटं लागली. काका आले नाहीत, पत्र आलं. प्रकृतीच्या कारणास्तव, असं त्यात होतं. ते वाचून दाखवल्यावर कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

साहेब सावरले ते सगळ्यांत आधी. मास्तरांबद्दल त्यांना कधीच शंका नव्हती, असं त्यांनी सांगितलं. चाचणीच्या खोलीला मास्तरांचं नाव द्यावं, दारावर पितळी पाटी लावावी, उद्घाटनाला आईंनी यावं. बोलताना त्यांचं एक बोट टेबलाच्या कडेवरची धूळ पुसत होतं, आणि मग ते पँटकडे गेलं.

"पाटी नको," मुलगी म्हणाली. "तोच प्रोग्रॅम, तेच आकाश, गोळी काढून चालवा. आज, इथे. त्यांची हरवलेली नोंद परत लिहा."

समितीने मान्य केलं. काचेपलीकडे टेबलवालीने प्लग खोबणीत घालून काढून दाखवला, आपल्या कोटाच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं. चष्मेवाला बाहेर हात मागे बांधून उभा राहिला. चाळीस मिनिटांनी पडदा काळा झाला आणि पुन्हा उजळला. कोपऱ्यातला आकडा एकाने वाढला. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसला. एवढं पुरे आहे, असं म्हणून साहेब जेवायला गेले. त्यांच्यामागून एकेक करून बाकीचेही गेले.

मुलगी गेली नाही. तिने खुर्ची काचेशी ओढून घेतली आणि मांडीवर कोरा कागद ठेवला. वडिलांनी त्या दिवशी जे पाहिलं, ते त्याच क्रमाने तिच्यापुढून जात होतं. दुसरा चावा. तिसरा, लगेच. मग बराच वेळ काही नाही. चौथा. लिफ्टमधले ते दोघं तरुण मागून जाताना तिला बघून थबकले आणि भरभर पुढे गेले. तिने वळून पाहिलं नाही. पाचवा. सहावा.

सहा तास भरायला अकरा मिनिटं कमी असताना पडदा पुन्हा काळा झाला. टेबलवालीने काचेआडून सात बोटं दाखवली. मुलीने कागदावर सातवी रेघ ओढली, वेळ लिहिली, तारीख घातली आणि सहीची जागा मोकळी सोडली.